ओटीपीमुळे फोन बंद ठेवता येत नाही. नोटिशीचं उत्तर सलग बसून कसं लिहावं?

शाई_आणि_शेरा (बदलापूर)
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. फोर्टमधल्या एका सीए फर्ममध्ये जीएसटीचं काम बघते. रिटर्नं वेळेवर जातात. अडतं ते विचार करून लिहायचं काम: एएसएमटी-१० ची (रिटर्नातली तफावत दाखवणाऱ्या जीएसटी खात्याच्या नोटिशीची) उत्तरं, क्लायंटला द्यायची लेखी मतं, क्रेडिटचे (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीचे) ताळमेळ. अशा एका उत्तराला सलग दीड-दोन तास हवेत. ते मिळत नाहीत. दहा मिनिटांचे बारा तुकडे मिळतात आणि दर तुकड्याला पहिल्यापासून वाचावं लागतं.

"फोन लांब ठेवा" हा सल्ला इथे चालत नाही. रिटर्न भरताना ओटीपी क्लायंटच्या फोनवर जातो आणि तो व्हॉट्सॲपवरून आमच्याकडे येतो. बिलांचे फोटो, चलनं, "मॅडम जरा बघा" हे सगळं त्याच खिडकीत. फर्मचा ग्रुप आणि भागीदार सरांचे निरोपही तिथेच.

दुसरं म्हणजे प्रवास. एका बाजूने दीड तासाच्या आसपास जातो, त्यात बातम्या आणि फॉरवर्ड बघितले जातात, सीएसएमटीला उतरेपर्यंत डोकं जड. तिसरं, हल्ली मसुदा एआयकडून करून घ्यायची पद्धत ऑफिसात पडली आहे. भाषा सफाईदार असते, पण आपण तो तपासतोय की नुसती मान डोलावतोय हे वाचता वाचता कळेनासं होतं.

ध्यान करा, पहाटे उठा असे सल्ले नकोत. याच कामात, याच ऑफिसात लागू पडेल असं काही सांगा.

---

रोजमेळ
सोमवार, रात्री ११.०५

शाईताई, घड्याळ नंतर बघू, आधी कॅलेंडर समोर घ्या. "रोज दोन तास एकाग्रतेचे" हा नियम आपल्या धंद्यात टिकत नाही, कारण आपला महिना सपाट नसतो. त्याला भरती-ओहोटी असते. ७ ला टीडीएसचा भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १४ ला टू-बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून होणारा क्रेडिटचा तक्ता) तयार होतं, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला थ्री-बी (कर भरायचं रिटर्न), तिमाहीवाल्यांचं महाराष्ट्रात २२ ला. ६ ते २२ या काळात सलग दोन तास मागणं म्हणजे जुलैच्या पावसात मिलन सबवेतून कोरडं जायची अपेक्षा धरणं. नाही जमत, आणि आपल्यात शिस्तच नाही असं माणसाला वाटायला लागतं. दोष शिस्तीचा नसतो, तारखेचा असतो.

ओहोटीचे दिवस २३ पासून पुढच्या ५ तारखेपर्यंत. एएसएमटी-१० ला उत्तराची मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. म्हणजे पूर्ण मुदत मिळाली तर नोटीस महिन्याच्या कोणत्याही दिवशी हातात आली तरी त्या मुदतीत ओहोटीचे अकरा ते चौदा दिवस येतातच. नोटीस आली त्याच दिवशी त्यातल्या तीन सकाळी तिच्या नावाने लिहून टाका. तिन्ही नव्वद मिनिटांच्या:

पहिली सकाळ: नोटीस वाचणं आणि आकडे जुळवणं. उत्तराचं एक वाक्यही लिहायचं नाही.
दुसरी: मसुदा.
तिसरी, मधे निदान एक रात्र जाऊ देऊन: वाचन, जोडपत्रांचे क्रमांक, एएसएमटी-११ मध्ये (उत्तराच्या फॉर्ममध्ये) भरणं.

एकाच बैठकीत तिन्ही करायला गेलं की आकडे जुळवता जुळवता वाक्यं सुचतात, वाक्यं लिहिता लिहिता आकडा शंकास्पद वाटतो, आणि फोन वाजला नाही तरी आपणच आपल्याला तोडत राहतो.

वेळ सकाळी १०.३० ते १२ ठेवा. मशीद बंदर, काळबादेवीच्या पेढ्यांचे फोन त्यानंतर वाढतात.

आता ओटीपी. तो अधूनमधून आला की दिवसाचं भुस्काट होतं, म्हणून त्याला वेळ ठरवून द्यायची. एकल मालकीच्या आणि भागीदारीच्या धंद्यांचे थ्री-बी आदल्या दिवशी तयार करून रांगेत ठेवायचे आणि दुपारी ४ ते ५.३० मध्ये एकामागून एक भरायचे. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला निरोप: "उद्या ४ ते ५.३० मध्ये जीएसटीचा ओटीपी येईल, फोन जवळ ठेवा, आला की लगेच फोन करून सांगा." फोन करून हे महत्त्वाचं. ओटीपी थोडाच वेळ चालतो. व्हॉट्सॲपवर टाकलेला दिसेपर्यंत बाद होतो, मग पुन्हा मागवा, पुन्हा निरोप. शिवाय क्लायंटलाही ओटीपी असा लिहून पाठवायची सवय न लागलेली बरी. कंपन्या आणि एलएलपींचं (मर्यादित दायित्वाच्या भागीदाऱ्यांचं) डीएससीने, म्हणजे डिजिटल सहीने होतं, तिथे कुणाची वाट बघायची नाही, ते सकाळच्या सुट्या वेळात करा.

यात काय बिघडतं ते आधीच सांगते. १९ आणि २० ला पोर्टल रेंगाळतं आणि ४ ते ५.३० ची खिडकी पुरत नाही. म्हणून अर्धे क्लायंट १६ ते १८ मध्ये उरका. ज्यांच्याकडून पैसे उशिरा येतात तेवढेच शेवटच्या दोन दिवसांसाठी उरू द्या.

---

गिरगावचा_कारकून
मंगळवार, सकाळी ७.५०

रोजमेळ यांच्या कॅलेंडरला दुजोरा. त्यात फोनची बाजू घालतो.

मूळ चूक ही की क्लायंटचं काम तुमच्या स्वतःच्या नंबरावर चालतं. फर्मने एक वेगळं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाकावं. त्यात गैरहजेरीचा आपोआप जाणारा निरोप वेळ ठरवून लावता येतो: "सकाळी १०.३० ते १२ या वेळात उत्तर मिळणार नाही. तातडीचं असल्यास ऑफिसच्या लँडलाइनवर फोन करावा." लेबलं आहेत, तयार उत्तरं साठवता येतात. एका खात्याला चार जोड उपकरणं चालतात, म्हणजे ती खिडकी समोरच्या टेबलावरचा आर्टिकल (सीएचं प्रशिक्षण घेणारा) पोरगाही बघू शकतो. आठवडा वाटून घ्या. एकाच माणसाने रोज दार सांभाळायचं नाही.

आता स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर:

१. सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, डू नॉट डिस्टर्ब. वेळापत्रक लावा, ओहोटीच्या दिवसांपुरतं. कंपनीगणिक नावं आणि जागा थोड्या बदलतात.
२. कॉलमध्ये फक्त तारांकित संपर्कांना परवानगी. तारांकित म्हणजे घरचे, मुलांची शाळा, सर. बस.
३. "पुन्हा कॉल करणाऱ्यांना" ही सोय चालू. १५ मिनिटांत त्याच नंबरावरून दुसरा कॉल आला तर तो वाजतो. ऑफिसात सांगून ठेवा: खरंच अडलं असेल तर दोनदा लावा.
४. व्हॉट्सॲपमध्ये ग्रुपचे आवाज आणि सूचना वेगळ्या बंद करता येतात. सोसायटी, शाळा, नातेवाईक हे ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका. नवा निरोप आला तरी ते तिथेच राहतील अशी सोय चॅटच्या सेटिंगमध्ये आहे, ती चालू आहे ना ते बघा.

डू नॉट डिस्टर्ब लावलं की ओटीपी येणार नाही, ही भीती अनेकांना असते. येतो. फक्त आवाज होत नाही आणि पडद्यावर उडी मारत नाही. संदेशांचं ॲप उघडलं की तिथे असतो.

संगणकाकडे मात्र सगळे विसरतात. व्हॉट्सॲप वेबच्या टॅबवर न वाचलेल्या निरोपांचा आकडा दिसतो. आवाज बंद असला तरी डोळ्याच्या कोपऱ्यात २ चे ३ होतात आणि हात जातो. टॅब लहान करून भागत नाही, बंद करा. क्रोममध्ये मसुद्यासाठी वेगळं प्रोफाइल काढा. त्यात जीएसटी पोर्टल, सीबीआयसीची (केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाची) साइट आणि कायद्याचा मजकूर, इतकंच. आउटलुकची कोपऱ्यात येणारी सूचनाही बंद.

एक गोष्ट कागदाची. कुणी उठवलंच तर उठायच्या आधी दोन ओळी लिहा: कुठे थांबले, पुढची कृती काय. "तक्ता ३, ऑगस्टपर्यंत जुळला, सप्टेंबरमध्ये १४,२०० चा फरक, क्रेडिट नोट बघायची." वीस सेकंदांचं काम. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा एक भाग मागेच रेंगाळतो. पुढे २०१८ च्या अभ्यासात असं दिसलं की परत आल्यावर काय करायचं हे लिहून उठलं तर ते रेंगाळणं कमी होतं. पहिल्यापासून वाचावं लागतं असं तुम्ही म्हणता, त्याच्यावर मला याहून चांगला उपाय माहीत नाही. चिठ्ठी संगणकावर नको. परत येईपर्यंत तिच्यावर चार खिडक्या उघडलेल्या असतात.

---

नायगावचा_उपसंपादक
मंगळवार, दुपारी १.२०

मी लोकल आणि बातम्यांपुरतं लिहितो.

छापील पेपर शेवटच्या पानावर संपतो. फोनवरची यादी मुद्दाम न संपणारी केलेली असते. खाली सरकवत राहिलं की आपोआप नवं येत राहतं ही रचना अझा रास्किन यांनी २००६ मध्ये मांडली, आणि तिच्या परिणामांबद्दल त्यांनी स्वतःच पुढे खंत व्यक्त केली. तुमचं डोकं जड होतं ते बातम्या वाईट असतात म्हणून असेल, पण मोठा भाग हा की दीड तासात शंभर विषय अर्धवट उघडले जातात आणि एकही बंद होत नाही. म्हणून वाचायचं तर संपणारं वाचा. छापील पेपर, ई-पेपरची ठरवलेली चार पानं, किंवा आदल्या रात्री उतरवून ठेवलेला एकच लांब लेख.

ओहोटीच्या दिवशी सकाळच्या गाडीत नोटिशीची छापील प्रत घ्या. ठाण्यापर्यंत तीच वाचायची. ठाण्यानंतर गर्दीत कागद धरवतही नाही, तो पिशवीत टाका आणि एकच प्रश्न डोक्यात ठेवा: अधिकाऱ्याने फरक कुठून काढलाय? सीएसएमटीपर्यंत त्या एका प्रश्नाला पुरेसा वेळ असतो. कानात काही घालू नका, त्या वेळेपुरतं. संध्याकाळी हे करू नये. दमलेल्या माणसाने परतीच्या गाडीत गाणी ऐकावीत, झोपावं, शेजारणीशी बोलावं.

आता फॉरवर्ड. तुमच्या धंद्यातला सर्वांत महागात पडणारा फॉरवर्ड म्हणजे "मुदत वाढली". २०२५ चंच घ्या. प्राप्तिकर विवरणपत्राची ३१ जुलैची मुदत मे महिन्यातच १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती. १४ सप्टेंबरला ३० सप्टेंबरपर्यंत मुदतवाढ मिळाल्याची बातमी फिरली. प्राप्तिकर विभागाने ती खोटी असल्याचं जाहीर केलं. मग १५ च्या रात्री खरोखर मुदत वाढली, पण एकाच दिवसाने, १६ सप्टेंबरपर्यंत. या क्रमाकडे नीट बघा. खोटी बातमी खपली कारण तिच्याआधी तशीच एक खरी बातमी येऊन गेली होती, आणि वाचणाऱ्यांना ती खरी असायला हवी होती. अफवा आपल्या गरजेच्या आकाराची असते. "हे खरं असलं तर माझं किती बरं होईल" असं वाटलं की तिथेच थांबून तपासायचं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. जीएसटीच्या तारखेत बदल अधिसूचनेने होतो. तिला क्रमांक आणि वर्ष असतं, ती सीबीआयसीच्या साइटवर असते. फॉरवर्डमध्ये क्रमांक नसेल तर पुढे वाचू नका. असेल तर तो क्रमांक साइटवर स्वतः शोधा. फॉरवर्डमधल्या दुव्यावर किंवा पीडीएफवर जाऊ नका, कारण जुन्या पत्रात तारीख बदलून नवं पत्र तयार करायला काहीच लागत नाही. प्रसिद्धिपत्रक आलं आणि अधिसूचना आली नाही असंही होतं. अशा वेळी क्लायंटला "घोषणा झाली आहे, अधिसूचना यायची आहे" एवढंच सांगा आणि जुन्या तारखेनेच काम चालू ठेवा.

निरोपावर दोन बाणांची खूण आणि "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला" असं दिसलं तर तो पाच किंवा जास्त हातांतून आलाय इतकंच कळतं. खरा की खोटा ते कळत नाही. एप्रिल २०२० पासून असा निरोप एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, त्यामुळे लोक मजकूर कॉपी करून पाठवतात आणि खूण निघून जाते. खूण नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

---

कलम_पोटकलम
मंगळवार, रात्री १०.१५

एआयच्या मसुद्याबद्दल.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने एक प्राप्तिकर करनिर्धारण आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. त्याआधी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने असेच बनावट निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड केला होता. करदाता असो की खातं, सही करणारा जबाबदार. हत्याराला कुणी जबाबदार धरत नाही.

पण खोटा निवाडा हा त्यातल्या त्यात सोपा धोका, कारण शोधला की सापडत नाही. अवघड धोका म्हणजे एके काळी बरोबर असलेलं वाक्य. तीन जागा सांगतो, जिथे हे मसुदे हमखास घसरतात.

जीएसटी कायद्याचं कलम १६(४), क्रेडिट घ्यायची शेवटची तारीख. आधी ती पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरच्या रिटर्नशी बांधलेली होती. १ ऑक्टोबर २०२२ पासून ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक रिटर्नची तारीख, यांतली आधीची. सप्टेंबर म्हणणारे जुने लेख इंटरनेटवर भरपूर पडलेत, म्हणून मसुद्यातही सप्टेंबर येतो.

कलम १६(५). २०१७-१८ ते २०२०-२१ या वर्षांचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंतच्या रिटर्नात घेतलं असेल तर चालेल, ही सवलत २०२४ च्या वित्त (क्र. २) कायद्याने आली. जुन्या वर्षाच्या नोटिशीत हीच बचावाची मुख्य बाजू असू शकते, आणि मसुद्यात ती गायब असते. चुकीचं वाक्य निदान डोळ्याला खुपतं. जे लिहिलंच नाही ते कोण वाचणार?

कलम ७३ आणि ७४, कमी भरलेल्या कराच्या मागणीची. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना ७४अ लागू. मसुदा सवयीने ७३ लिहितो.

तुम्हाला मान डोलावल्यासारखं वाटतं त्याचं कारण क्रम उलटा आहे. तयार गुळगुळीत परिच्छेद आधी समोर आला की आपण त्यातल्या शब्दांच्या चुका शोधतो. काय सुटलं ते बघायला स्वतःचा साचा आधी हवा. म्हणून दुसऱ्या सकाळची पहिली वीस मिनिटं कागदावर, हाताने, पाच ओळी: अधिकारी काय म्हणतोय, फरक किती रुपयांचा, आपल्या मते तो का, पुरावा कोणतं जोडपत्र, कोणतं कलम. टू-बी आणि थ्री-बीतला फरक असेल तर कारणनिहाय तुकडे पाडा: पुरवठादाराने उशिरा दाखवलेली बिलं, आयात, उलट आकारणी (पुरवठादाराऐवजी घेणाऱ्याने भरायचा कर), परत केलेलं क्रेडिट, आणि खरीच चूक. तुकड्यांची बेरीज नोटिशीतल्या आकड्याशी रुपयापर्यंत जुळली पाहिजे. ती जुळेपर्यंत कोणाकडूनही मसुदा मागू नका, माणसाकडूनही.

एआयला मग दोन कामं द्या. आपला मसुदा देऊन विचारा: अधिकारी यावर कोणते पाच आक्षेप घेईल? आणि लांब वाक्यं तोडून घ्या. क्लायंटचं नाव, जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), पुरवठादारांची यादी त्यात टाकू नका. "करदाता", "पुरवठादार क" असं लिहा. आलेल्या उत्तरातलं प्रत्येक कलम आणि प्रत्येक तारीख लाल पेनाने गोल करा, आणि मूळ कायद्याच्या चालू मजकुराशी ताडल्यावरच गोलावर बरोबरची खूण करा. खूण न झालेला एकही गोल राहिला तर उत्तर पोर्टलवर चढवायचं नाही.

---

शाई_आणि_शेरा
बुधवार, रात्री ९.१०

सर्वांचे मनापासून आभार. कॅलेंडर आणि चिठ्ठी उद्यापासून. एकच अडचण राहते: सरांना निळ्या टिका लगेच दिसल्या नाहीत तर ते थेट टेबलापाशी येतात. वेगळं सिम, वेळापत्रक हे त्यांना कसं पटवावं?

---

रोजमेळ
बुधवार, रात्री १०.३०

ताई, आधी मोजा, मग बोला. एक आठवडा कागदावर तीन रकाने करा: कोणी तोडलं, कशासाठी, थांबलं असतं का. फक्त रेघा मारायच्या. शनिवारी तो कागद सरांपुढे ठेवा. "लक्ष लागत नाही" ही तक्रार त्यांना तुमची वाटेल. थांबू शकली असती अशी किती कामं आणि नोटिशीचं उत्तर किती दिवस लांबलं, हा फर्मचा हिशेब आहे, आणि हिशेब त्यांना वाचता येतो.

कायमचा नियम मागू नका. येत्या २३ पासून ५ पर्यंतच, एकाच नोटिशीपुरतं मागा. सरांना तारांकित यादीत ठेवा आणि ते तसं त्यांना सांगा. त्यांचा कॉल नेहमी वाजेल, व्हॉट्सॲप तेवढं १२ ला बघितलं जाईल. निरोप असा पाठवता येईल:

"सर, अमुक यांच्या एएसएमटी-१० ची मुदत या तारखेला संपते. २४, २६ आणि २९ ला सकाळी १०.३० ते १२ मी फक्त त्यावर बसते. त्या वेळात क्लायंटचे निरोप दुसरं कोणी बघेल, तुम्ही नाव सांगा. तुमचा फोन मला लागेल. २६ ला संध्याकाळी मसुदा तुमच्या टेबलावर असेल."

मसुदा २६ ला खरोखर टेबलावर ठेवा, छापून. ३० ला पुढच्या महिन्याच्या तारखा मागायला तोच कागद कामी येतो.